बारक्यांची झोप

बारक्यांच्या झोपेचं माप कोण ठरवतं, हा प्रश्न तुम्ही कधी स्वतःला विचारला आहे का? माझे मामा कित्येक वर्षं दुसरा विचारच करत नाहीत. अख्ख्या बीड जिल्ह्यात झोपेचा इतका अभ्यास केलेला माणूस सापडणार नाही, आणि इतका कमी झोपणाराही. अंबाजोगाईतल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ते मोबाईलच्या प्रोसेसरला, म्हणजे त्याच्या मेंदूला, बॅटरी वाचावी म्हणून रिकाम्या वेळी झोपवायचं काम करतात. कंपनी सातासमुद्रापार, तिथे उजाडतं तेव्हा इथे अंधार पडतो, म्हणून रात्रभर काम आणि मामांची झोप दुपारच्या जेवणानंतरची. बीपी वाढल्यापासून डॉक्टरांनी बजावलं आहे, ही झोप मोडायची नाही.

दुसऱ्याची झोप मात्र मामांना पवित्र. एकदा एसटीत शेजारचा अनोळखी माणूस त्यांच्या खांद्यावर घोरू लागला. मामांना लिंबागणेशला उतरायचं होतं, ते थेट पाटोद्याला पोचले. म्हणाले, "गाढ लागली होती त्याची. एवढ्यासाठी कशाला उठवायचं?" घरातल्यांचीही त्यांनी प्रतवारी लावली आहे. आजीची नुसती डुलकी. हाक मारली की जागी. मामीची गाढ झोप. उठवायला वेळ, उठल्यावर चहा, चहानंतर बोलणी. म्हणून किरकोळ कामाला आजी. "प्रोसेसरचंबी आसंच हाय," मामा सांगतात. "घडीभराची उसंत आसंल तर डुलकीच परवडती. गाढ झोपवून लगेच उठवलं, तर वाचली त्याच्यापेक्षा जास्त बॅटरी उठवण्यात जाती."

पण एका स्वस्त फोनमध्ये घोळ होता. त्याच्या प्रोसेसरमध्ये जड कामाचे मोठे कोर, म्हणजे काम उरकणारे भाग, होते आणि हलक्या कामाचे बारके. मोठा सावकाश उठतो, म्हणून त्याला गाढ झोपवायचं तर लांब उसंत हवी. बारका चटकन उठतो, त्याला थोडी पुरते. तरी किती उसंतीला कोणती झोप, याचं कोष्टक सगळ्यांना एकच, मोठ्याच्या मापाचं. बारक्यांची छोटी उसंत त्यात बसेना. ते बिचारे दिवसभर नुसते पेंगत राहायचे, आणि बॅटरी दुपारीच मान टाकायची.

मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला. तावातावाने म्हणालो, "मामा, सगळ्यांना एकच नियम, हीच तर समता!"

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "एकच माप म्हन्लं की ते मोठ्याचंच आस्तंय, बे. बारक्याला मापायला कोन गेलतं?"

माझ्याजवळच्या एकाही पत्रकात हे वाक्य नव्हतं. मामांनी बारक्यांना मापलं, त्यांचं वेगळं कोष्टक केलं, कंपनीशी भांडून ते फोनमध्ये घालायला लावलं. आमच्या गल्लीतले तसले फोन आता दिवेलागणीपर्यंत टिकतात. गल्लीला मात्र एवढंच कळलं, की इंजिनिअर बॅटरी वाढवून देतात.

परवा दुपारी गल्लीतले गवंडीकाका दारात उभे. "जयभीम, वहिनी. इंजिनिअर हायत का? फोन लई लवकर उतरतोय."

मामी हळूच म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय."

आतून आवाज आला, "जागाय, जागाय! या की."

"जगाच्या मोबाईलला गाढ झोपवतेत," मामी कडाडली, "अन् सोताला डुलकीबी न्हाई!"

काकांच्या फोनचा उजेड तेवढा पूर्ण वाढलेला होता. मामांनी तो कमी केला. काका गेल्यावर मी चिडून म्हणालो, "संध्याकाळी या म्हणून सांगत का नाही?"

"आरं, जेवणाच्या सुट्टीतच मोकळा होतो त्यो. त्याची उसंत तेवढीच." मामांचे डोळे लालभडक झाले होते. ज्याने बारक्यांची उसंत मापली, त्याची मात्र कोणीच मापली नाही.

म्हणून गल्लीकरांनो, हात जोडून सांगतो. फोनचा उजेड स्वतः कमी करून पाहा. तरीही उतरला, तर उतरू द्या. दुपारी ते दार वाजवू नका. आणि चुकून वाजवलंतच, आतून "जागाय" असा आवाज आला, तर विश्वास ठेवू नका. चपला न काढता मागे फिरा.