दुखत नव्हतं तरी

माझी मोठी बहीण अकोटला असते. तिच्या शौचातून रक्त जायचं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते मूळव्याधीवर ढकललं. तिनं जडीबुटीच्या पुड्या खाल्ल्या, तिखट सोडलं. शेवटी अकोल्याला ऑपरेशन झालं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. जरा सावरल्यावर तिनं मला फोन केला.

"डॉक्टर म्हणून राहिले, तुमी दोघा भावायनं बी तपासून घ्या. सख्ख्या भावंडायले धोका असते."

"मले तं काहीच दुखत नाई."

"मले तरी कुठं दुखत होतं?"

मी वलगावला शेवंती पिकवतो आणि अमरावतीच्या बाजारात नेऊन विकतो. ज्याला फुलं स्वस्तात लाटायची असतात, तो व्यापारी आधी भीती घालतो, उद्या भाव पडणार म्हणून. ताईचा डॉक्टरही मला त्यातलाच वाटला. महागाची मशीन घेतली असेल, ती चालवायला माणसं हवीत. एकाच्या आजारात सगळं घर गिऱ्हाईक. धाकट्या भावाचंही हेच मत होतं. शिवाय या तपासणीत नळी मागून घालतात हे कळलं होतं, आणि त्याबद्दल बायकोशी बोलायचीही मला लाज वाटत होती.

मग एक दिवस ताई स्वतःच आली. दार लावून आम्हा दोघांना समोर बसवलं आणि पोटावरचा पदर बाजूला केला. पोटाला एक पिशवी चिकटवलेली होती.

"आता याच्यातच जमा होते सारं. सुनेसमोर बदलाची लाज वाटते मले. अन् तुमाले नळीची लाज वाटून राहिली?"

धाकटा उठून बाहेर गेला. मी मात्र ताईला हो म्हटलं.

तपासणी अमरावतीला ठरली. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायलो आणि संडासातच बसून राहिलो. तरी मनातला संशय काही धुऊन गेला नाही. टेबलावर झोपेचं इंजेक्शन द्यायला लागले, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "झोपवता काहून? मंग तुमी काय करता ते मले कसं समजन?"

त्या म्हणाल्या, "जागे राहा. थोडा त्रास होईल, पण पडदा तुम्हालाही दिसेल."

पोट फुगल्यासारखं होऊन कळ येत होती. पडद्यावर गुलाबी, ओलसर बोगदा सरकत होता. एका ठिकाणी देठावर उभी असल्यासारखी गाठ दिसली. मला वाटलं, दुसऱ्याच कोणाचा व्हिडिओ लावला असेल.

"हे मायंच पोट हाय कायवरून?"

"खोकून पाहा," त्या म्हणाल्या.

मी खोकलो, तसा बोगदा हादरला. पुन्हा खोकलो, पुन्हा हादरला. त्यांनी तारेच्या फासानं ती गाठ कापून काढली. काही दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण तशीच राहिली असती तर पुढेमागे झाला असता, असं त्यांनी समजावलं.

घरी येऊन मी धाकट्याला सगळं सांगितलं, खोकल्याचंसुद्धा. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं,

"तुले किती कमिशन देते ते?"

राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. भेटलो की पाण्याच्या मोटारीबद्दल, फवारणीबद्दल बोलायचो आणि आपापल्या वाटेनं जायचो.

दिवाळीनंतर ताई पुन्हा आली होती, तेव्हा तो दारातूनच ओरडत आला. कोणाला न सांगता अकोल्याला जाऊन त्यानं तपासून घेतलं होतं. माझ्या डॉक्टरीणबाईंवर भरवसा नव्हता, म्हणून मुद्दाम दुसऱ्याकडे गेला होता.

"पाय, काहीच नाई निघालं! मी म्हणतच होतो, लुटते लेकाचे."

"लुटू दे ना बाप्पा," ताई म्हणाली. इतकी मोकळी हसताना मी तिला ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पाहिलं.