वायसरमामीचं इंजिन

बाबांची गिरणी बंद पडली त्या वर्षी आमच्या घरात एकाच चहापत्तीचा चहा दोनदा व्हायचा. सकाळी एकदा, आणि तोच चोथा उकळून दुपारी पुन्हा. कोणाला कीव यावी म्हणून मी हे लिहीत नाही. लालबाग-परळात ज्यांची घरं गिरणीवर होती त्यांना हा दुपारचा चहा ठाऊक आहे. बाबा गिरणी बंद झाल्यावरही पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करून धुतलेला सदरा घालायचे आणि गॅलरीत स्टुलावर जाऊन बसायचे. बोलायचे नाहीत. आई पापड लाटायला जायची. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दुसऱ्या वर्षाची फी कुठून येणार, असं घरात कोणी विचारत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

अशा घरात रोज संध्याकाळी एक बाई गालात चामड्याचा तुकडा धरून यायची. ती माझी मामी. स्टोव्हच्या पंपात दांड्याच्या टोकाला चामड्याची एक छोटी वाटी बसवलेली असते, तिला वायसर म्हणतात. ती सुकली की पंप हवा मारत नाही आणि घरातला स्वयंपाक अडतो. मामाचं चिंचपोकळीला जिन्याखाली स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. तो गेल्यावर मामीने ते चालवलं. नवा वायसर तेलात टाकायच्या आधी ती तो तासभर गालात ठेवायची. "थुकीन मऊ होता तसो तेलान होणा नाय," असं तिचं शास्त्र होतं. त्यामुळे तिचं अर्धं बोलणं गालातच राहायचं, आणि सगळी चाळ तिला वायसरमामी म्हणायची. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी नुसतं मामी म्हटलं तर ती विचारायची, "कोणाची?"

तिचे कान विलक्षण होते. दुकानात स्टोव्ह आला की ती आधी त्याला हात लावायची नाही. दोन पंप मारायला सांगायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "डाव्या बाजून जाता." हवा डाव्या बाजूनेच जात असायची. डाख देऊन सांधलेली प्रत्येक टाकी ती आधी थंड पाण्याने काठोकाठ भरायची, मग पंपाने दाब द्यायची आणि कुठे थेंब दिसतो का ते बघायची. मला घाई असायची. मी म्हणायचे, "पेटव की गे मामी." ती म्हणायची, "पाणी गळला तर फडका भिजता, वाफ गळली तर थोबाड भाजता."

पण घरोघरी गॅस आला आणि स्टोव्ह दुरुस्तीला येईनासे झाले. लोक ते मोडीत घालायला निघाले, तेव्हा मामीने "माका द्या" म्हणून जमवले. तिच्या एका खोलीत खाटेखाली पितळी टाक्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्या पुसायची, पण त्यांचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. जिन्याखाली मात्र रोज बसायची. गिऱ्हाईक नाही, तरी दुकान उघडं.

एकदा मी तिच्याकडे अभ्यासाला बसले होते. पुस्तकात वाफेच्या इंजिनाचं चित्र होतं, आतला भाग दिसावा म्हणून मधोमध कापल्यासारखं काढलेलं. पुस्तक इंग्रजी. मामी मराठीसुद्धा अडखळत वाचायची. भाकरी थापता थापता तिची नजर त्या पानावर गेली, आणि ती पिठाच्या हाताने पुस्तकावर वाकली.

"गो बाये, ह्यो तर आपलो पंप!"

"पंप नाही मामी, इंजिन आहे."

"पंपच. उलटो बसवलेलो." तिने पिठाचं बोट चित्रावर ठेवलं. त्या पानावर तो डाग शेवटपर्यंत राहिला. "आपण दांडो ढकलतव, हवा जाता. हय हवा ढकलता, दांडो जाता."

मी वर्षभर पदार्थविज्ञान शिकत होते. इतक्या कमी शब्दांत ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ती कामाला लागली. तिच्याकडे लेथ नव्हता, ड्रिल मशीन नव्हतं. कानस, हातोडी, डाख द्यायची सळई आणि खिडकीच्या काचेचा एक तुकडा, एवढंच. स्टोव्हच्या पंपाची नळी हेच इंजिनाचं नळकांडं झालं. दांडा सायकलच्या चाकातल्या आऱ्याचा, फिरतं चाक नळाच्या व्हॉल्व्हचं. नळकांडं पाळण्यासारखं डोलेल असं तिने एका पत्र्यावर बसवलं. एका बाजूला डोललं की पत्र्याच्या भोकासमोर नळकांड्याचं भोक येतं आणि वाफ आत शिरते, दुसऱ्या बाजूला डोललं की बाहेर पडते. हे जमायला तो पत्रा आरशासारखा सपाट हवा. मामीने काचेवर चाळलेली राख आणि तेल पसरलं आणि त्यावर पत्रा घासायला घेतला. मराठी चारचा आकडा गिरवतात तसा हात फिरवायची. दिवसेंदिवस चार, चार, चार. चाळीतल्या बायका विचारायच्या, "मामी, पाढे पाठ करतेस काय?"

आठवड्याभराने तिने वाफ आत न्यायच्या नळीला तोंड लावून फुंकर मारली आणि चाक फिरलं. आवाजसुद्धा न करता, लोण्यात फिरावं तसं. सगळा मजला बघायला आला. प्रत्येकाने फुंकून बघितलं.

मामी ते पिशवीत घालून गिरगावात गेली. मीही बरोबर होते. तिथे शाळांना विज्ञानाची साधनं पुरवणारं एक दुकान होतं. मालकांनी चष्मा वर करून इंजिन उलटसुलट पाहिलं. माणूस सरळ होता.

"बाई, काम सुरेख आहे," ते म्हणाले. "पण मला मुलांना वाफ दाखवायचीय, फुंकर नाही. पंधरा मिनिटं वाफेवर चालवून दाखवा. मग एक नाही, दर शाळेला एक घेईन. पण महिनाअखेरपर्यंत. नंतर माझी मागणी दुसरीकडे जाईल."

त्याच आठवड्यात आईने माझ्यासाठी वरळीला औषधांच्या गोळ्या पाकिटात भरायचं काम ठरवून टाकलं होतं. एक तारखेपासून जायचं. एकदा गेले असते तर कॉलेजला परत आले नसते. आमच्याकडे कोणीच परत आलेलं नव्हतं. मामीने हे ऐकलं आणि माझ्याकडे बोट दाखवत आईला म्हणाली, "वन्सं, महिनाभर चेडवाक हात लावू नको."

"आणि नाही चाललं तर?"

"तर धाड वरळीक. मगे मी बोलूचंय नाय."

बॉयलर म्हणून तिने स्टोव्हची पितळी टाकीच घेतली, वर कुकरची शिट्टी बसवली. थंड पाण्याने तपासलं, थेंब नाही. खाली ज्योत पेटवली. वाफ आली, चाक फिरलं, मी घड्याळ लावलं. दोन मिनिटंही झाली नाहीत आणि इंजिन अडलं. उघडून बघितलं तर वायसर सुक्या खोबऱ्याच्या कातळीसारखा आकसलेला. मामीने नवा घातला. तोही गेला. आठ दिवसांत सात वायसर गेले.

आता कोणीही म्हणेल, वायसर बदला. पण मामीने भोक मोठं केलं, मग बुजवून लहान केलं, दांडा बदलला, पत्रा पुन्हा घासला. वायसर सोडून सगळ्यावर संशय घेतला. मी एकदा भीत भीत म्हटलं तर उसळली, "वायसराक काय धाड भरली?" मला कारण माहीत होतं. मामा जायच्या आधी दोन महिने खाटेवर बसून चामडं कापत होता. हिला जन्मभर पुरतील, म्हणायचा. त्याने डबाभर वायसर कापून ठेवले होते, आणि हिला त्यांनीच ते इंजिन चालवायचं होतं.

महिना संपायला बारा दिवस उरले होते. मामी आमच्या दारात बसून आठवा वायसर बसवत होती. गॅलरीतल्या स्टुलावरून आवाज आला.

"वहिनी, चामडं शिजतंय."

आम्ही तिघी वळलो. बाबा बोलले होते.

"भावोजी," मामी म्हणाली, "अर्ध्या लालबागचो चहा ह्या वायसरावर झालोहा."

"स्टोव्हात हवा गार असते. ही वाफ आहे. आमच्या गिरणीत वाफेच्या पंपाला चामडं नव्हतं. सुताची वेणी असायची, चरबीत बुडवलेली."

मामीने डब्याचं झाकण लावलं, डबा काखेत मारला आणि निघून गेली. आई बाबांवर कडाडली, "इतके महिने गप्प होतात तेच बरं होतं!"

तीन दिवस मामी आली नाही. मी तिच्याकडे गेले तर दाराला आतून कडी. "डोक्या दुखता," एवढंच म्हणाली. आईने माझा एक पंजाबी ड्रेस इस्त्रीला दिला, वरळीला पहिल्या दिवशी घालायला. मी पुस्तकं बांधून ठेवली. खरं सांगायचं तर रडलेसुद्धा, पण मोरीत, नळ सोडून.

चौथ्या दिवशी मामी आली. तिच्या गालात काही नव्हतं. ती इतकी स्वच्छ बोलू शकते हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाबांच्या स्टुलासमोर ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "भावोजी, वेणी घालूक शिकवा."

बाबा म्हणाले, "शिकवतो कशाला? मीच घालतो."

गिरणीतून आणलेली सुताची एक गुंडी घरात होती. आई त्याच्या वाती करायची. बाबांनी तीन पदर घेतले. माझ्या पेन्सिलींचं शिसं कुटून तेलात कालवलं, त्यात ती वेणी मुरवली. मामीने वायसरच्या जागी पत्र्याच्या दोन चकत्या बसवल्या आणि त्यांच्या मधल्या खाचेत ती वेणी गुंडाळली. जास्त गुंडाळली तर सूत फुगून अडायचं. कमी गुंडाळली तर वाफ बाजूने निसटायची.

"अर्धो वेढो काढा."

"काढला की सैल होईल, वहिनी."

"होव दे सैल. वाफेक फसवूक जमणा नाय, ती सांगात काय ता."

असं आठवडाभर चाललं. चार मिनिटं, मग नऊ, मग पुन्हा सहा. दोघं भांडायची, आणि आई मला हळूच म्हणायची, "ऐकलंस? तुझे बाबा भांडतायत."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही गिरगावात गेलो, बाबाही. दुकानाच्या मागच्या खोलीत मालकांनी टेबलावर घड्याळ ठेवलं. मामीने आधी पाणी बघितलं, मग काडी ओढली. इंजिन सुरू झालं. बाराव्या मिनिटाला शिट्टी किंचाळली आणि मालक खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"बसा हो शेठ," मामी म्हणाली. "शिट्टी बोलता ता बरा. गप रवली तर पळाचा."

पंधरा झाली. सोळा झाली. चाक फिरतच होतं. मामीने वाकून ज्योत विझवली.

"अहो, चालतंय की!" मालक म्हणाले. "विझवलंत कशाला?"

"पाणी संपत इला. चालता म्हणून जाळूचा नाय."

मालकांनी इंजिन घेतलं आणि आणखी करायला सांगितलं. वरळीला मी गेले नाही. मामी नळकांडी घासायची, बाबा वेण्या घालायचे आणि आता बोलायचे इतके की मामी म्हणायची, "भावोजींक परत स्टुलावर बसवा गो." प्रत्येक इंजिनाबरोबर एक चिठ्ठी जायची. मजकूर मामीचा, अक्षर माझं: आधी पाणी बघा, मग काडी ओढा.

पुढे तिची चाळ पाडली. मामी गावी भावाकडे राहायला गेली, ती परत आली नाही. तिथेही कोणाकोणाचे पंप दुरुस्त करायची म्हणे. गेल्या वर्षी ती वारली. मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तिच्या भावाने विचारलं, "तू ती शिकलेली भाची ना? तुझां नाव घेय सारखां." मी हो म्हटलं.

चाळीतली जुनी माणसं भेटली की अजून तिच्या स्टोव्हांच्या गोष्टी सांगतात. मला सांगायचं आहे ते वेगळं. जिच्याकडे साधं ड्रिल मशीन नव्हतं त्या बाईने काचेच्या तुकड्यावर घासून वाफेची इंजिनं केली, आणि ती शाळाशाळांतून चालली. त्या इंजिनांवर माझं दुसरं वर्ष झालं, तिसरं झालं. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.