मामा, मुरमुरे आणि गाढीचं पाणी

गाढी नदीवर जावयासारखा रुसणारा माणूस पनवेलमध्ये एकच आहे, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. नदीवरचा कोणताही पूल आला की ते गाडी थांबवायला लावतात, कठड्यावरून मूठभर मुरमुरे टाकतात आणि खायला कोण येतं ते पाहून निकाल देतात. माथेरानच्या डोंगराखाली, खडकांतल्या पाण्यात, बोटाएवढे मासे झुंडीनं येतात. मामा नुसतं "पास" म्हणतात. मधल्या गावांपाशी मुरमुरे जलपर्णीवरच पडून राहतात. शहरातल्या पुलाखाली फक्त चिलापी वर येते, पण मामा तिला मासा मानत नाहीत. "ती गटारातपन बालंत व्हईल," असं त्यांचं मत आहे. त्याच्याही खाली भरतीचं पाणी आत येतं, चिखलात निवट्या मासे उड्या मारतात आणि मामांचा चेहरा जरा निवळतो. शहराचा वास मात्र तिथपर्यंत सोबत येतो.

एकदा वाहतूक पोलिसानं हटकलं तेव्हा मामांनी "तपासनी चालू हाय" असं सांगितलं. निकाल ऐकायला तोही कठड्याशी थांबला. मामांच्या दुसऱ्या एका भाचीच्या लग्नाला जाताना असे सगळे पूल घेतले, तेव्हा आम्ही अक्षता पडून गेल्यावर पोहोचलो. मामी म्हणाल्या, "आहेर नदीलाच देऊन टाका."

मामांच्या घरचा शाडूचा गणपती त्यांच्या आजोबांपासून शहराजवळच्या डोहात विसर्जित होतो. गेल्या वर्षी मामांनी आरतीआधी तिथे मुरमुरे टाकले आणि मूर्ती परत टेम्पोत ठेवायला सांगितली. "या पान्यात मी पाय घालत नाय, देवाला कसा घालू?" कोणीतरी कृत्रिम तलावाचं नाव काढलं. "आमचा देव नदीत जातो, टाकीत नाय," एवढं बोलून ते पुढे जाऊन बसले.

टेम्पो प्रवाहाच्या उलट दिशेनं निघाला. प्रत्येक पुलावर देव नापास पाण्याकडे पाहत थांबला. शेवटी डोंगराखाली, तळाचे गोटे दिसतील इतकं नितळ पाणी लागलं. मासे आले. आरती झाली, डोळे पाणावले. मामांनी गणपती पाण्यात सोडला आणि गणपती खाली बसला. पाऊस बरेच दिवस थांबला होता. पाणी त्याच्या पोटापर्यंतच आलं.

मामी काठावरून ओरडल्या, "अवो, बुडवायला आनलाय का आंगोल घालायला?"

"आडवा करून बघू का?" टेम्पोवाल्यानं विचारलं. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो टेम्पोत जाऊन बसला.

खोल पाणी खाली होतं, पण ते घाण होतं. स्वच्छ पाणी इथे होतं, पण ते बुडण्यापुरतं नव्हतं. मूर्ती तशीच ठेवून परतणं मामांना शक्य नव्हतं. ते धोतरासकट पाण्यात बसले आणि ओंजळीनं देवाच्या डोक्यावर पाणी घालू लागले. शाडू सावकाश विरघळतो. थोड्या वेळानं मामींनी पदर खोचला आणि त्याही शेजारी येऊन बसल्या. मग आम्ही सगळेच उतरलो. मुकुट गेला, कान गेले. पांढुरकं पाणी गोट्यांतून वाट काढत पनवेलकडे निघालं.

चेहरा पुसट होऊ लागला तसे मामा वाकले आणि हळूच म्हणाले, "खाली शहर लागला का सोंड वर धर, बाबा."