चावी म्हणा, बाबा

आमच्या घरात 'चावी' म्हणायची सोय नव्हती. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी माणसांच्या बोलण्यातल्या चुका काढायला घेतल्या. "किल्ली म्हण, पोरी. चावी परकी. पोर्तुगीजांच्या 'चावे'वरून आली, तिची आजी लॅटिन." मीही काही कमी नव्हते. कुलूप तरी कुठलं आपलं? मूळ अरबी 'कुफ्ल', तोंडातोंडी अक्षरं इकडची तिकडे झाली, हे त्यांनीच सांगितलेलं. मग कुलपाला घरात थारा आणि चावीने काय घोडं मारलंय? त्यावर उत्तर ठरलेलं, "कुलूप मुरलंय. चावी मुरायची आहे." इतक्या शतकांत मुरली नाही ती कधी मुरणार होती, देव जाणे.

गिरगाव सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला आलो आणि या बाबतीत बाबा एकटे पडले. समोरच्या गुजराती काकी चावी म्हणत, वरच्या मजल्यावरचे चाबी म्हणत, आणि सोसायटीचं पाणी सोडायला येणारा तर चावीवालाच. आमच्या मजल्यावर रीत अशी, की प्रत्येक घराची एक किल्ली समोरच्या घरात खिळ्याला टांगलेली असायची. आम्ही बाहेरून आलो की काकी आतून ओरडत, "भाई, आपकी चावी दूँ क्या?" बाबा "किल्ली" म्हणून हात पुढे करत. काकी हसत आणि पुन्हा चावीच म्हणत.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. एक शब्द तेवढा उरला. चावी.

मी हसले. खरंच हसले, इस्पितळात, त्यांच्या खाटेशी उभी राहून. मग रडू आवरेना. डॉक्टरांनी समजावलं, असा एखादाच शब्द मागे राहतो, कुठला ते माणसाच्या हातात नसतं, अर्थ लावत बसू नका. पण अर्थ लावण्यावरच जे घर चाललं, तिथे हे कोण ऐकणार? पाणी हवं असलं तरी चावी. पंखा बंद करायचा असला तरी चावी. आईच्या फोटोकडे बघून, अगदी हळू, चावी. घरी आणलं त्या पहिल्याच दिवशी काकी बिचाऱ्या खिळ्यावरची किल्ली घेऊन धावत आल्या आणि बाबांच्या डाव्या हातात ठेवली. बाबांनी ती भिरकावून दिली. काकी दारातच पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या.

मला दुसरं काही नको होतं. एकदा 'पोरी' म्हणावं, बस. ऑफिसातून आले की मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसायची आणि सावकाश म्हणायची, पो-री. ते माझ्या तोंडाकडे बघत, सगळा जीव गोळा करत आणि म्हणत, "चावी." मी चिडायची. "नाही बाबा, चूक!" त्यांना चूक कळायची. कळायची म्हणूनच त्यांचे डोळे भरून यायचे. इतके देश फिरून आलेली ही भवानी मुक्कामाला नेमकी आमच्याच घरी का आली, असं वाटून मला त्या शब्दाचा संताप यायचा. शेवटी मीच हरले. ठरवलं, आपलं नाव चावी. त्यांनी हाक मारली की ओ द्यायची, मग त्यांना पाणी हवं असो नाहीतर मी. काही दिवसांनी ती हाक मला ओळखू यायला लागली. माझ्यासाठी म्हणताना ते शेवटचा स्वर जरा लांबवत. निदान मी तसं धरून चालले होते.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी घरी आले तर त्यांना सांभाळणाऱ्या बाई दारातच थांबलेल्या. त्या इथल्याच किनाऱ्यावरच्या पाली गावातून येतात, एरवी शेवटची बस गाठायची त्यांना घाई असते. म्हणाल्या, "ताई, सकालधरनं बाबा कायच बोलले न्हाय. पानी दिलं, पेज दिली. आवाजच न्हाय."

मी बाबांजवळ बसले. त्यांचे ओठ हलत होते, नुसते हलत होते. पाणी दाखवलं. आईचा फोटो काढून समोर धरला. काही नाही. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, सकाळी घेऊन या, पण आशा फार धरू नका. फोन ठेवला आणि मी त्यांचा डावा हात हातात घेतला.

"चावी," मी म्हणाले. "बाबा, चावी. म्हणा ना. तेवढंच म्हणा."

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. मी पुन्हा म्हणाले, पुन्हा म्हणाले. एखादं परकं माणूस आपल्याशी काहीतरी मनापासून बोलतंय आणि आपल्याला त्याची भाषा येत नाही, तेव्हा माणूस संकोचून हसतो. बाबा तसे हसले.