अबिमन्यूचा पहिला नंबर

बू लास्मिनीने सारी नोकरी शाळेच्या कचेरीत कारकुनीत काढली, आणि तिचा एक दुर्गुण घरीदारी सगळ्यांना ठाऊक होता: अस्ताव्यस्त यादी तिला बघवत नसे. लग्नाच्या आमंत्रणांची यादीसुद्धा ती ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावी. मग नवऱ्यामुलाचा सख्खा मामा कोपऱ्यावरच्या टोफूवाल्याच्या खाली गेला तरी बेहत्तर.

नवरा पाक तुगीमान अगदी उलटा. (आमच्याकडे मान म्हणून बाईला ‘बू’ म्हणतात, बाप्याला ‘पाक’.) त्याला होल्यांचा, त्या कबुतरासारख्या पाखरांचा, नाद. आमच्या क्लातेन भागात हा नाद पुरुषांना एकदा लागला की बायकांनी नाद सोडायचा असतो. महिन्यातून एका रविवारी गावच्या मैदानात होल्यांच्या घुमण्याची स्पर्धा भरते. उंच बांबूंवर दोरीने पिंजरे चढवतात, पंच खाली माना वर करून फिरतात, आणि ज्याचं घुमणं मनाला भावेल त्याच्या बांबूला रंगीत झेंडी लावतात. होल्याचं नाव ठेवताना लोक पोटच्या पोराच्या नावापेक्षा जास्त डोकं खाजवतात, आणि नावं सगळी वायांगच्या, म्हणजे सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळातली, आमच्या उच्चारातली. त्यामुळे त्या दिवशी अर्धं महाभारत पिंजऱ्यात लटकत असतं. तुगीमानच्या होल्याचं नाव होतं अबिमन्यू.

गेल्या वर्षी तुगीमान गेला आणि अबिमन्यूने घुमणं बंद केलं. दाणे टिपायचा, पाणी प्यायचा, अंगाने चांगला गुबगुबीत झाला, पण आवाज म्हणून नाही. लास्मिनीने त्याला उन्हात ठेवला, कोमट पाण्याने न्हाऊ घातला, दुसऱ्या होल्याचा आवाज मोबाईलवर ऐकवला. तो मान तिरपी करून ऐकायचा आणि परत दाण्यांकडे वळायचा. तरीही दर महिन्याला ती त्याला मैदानात आणायची. तिला कप नको होता. ज्या आवाजासाठी तुगीमान रोज सकाळी चहा निवू द्यायचा, तो एकदा, फक्त एकदा, पुन्हा घुमावा एवढंच तिचं मागणं होतं.

निकाल लावायचं नवऱ्याचं कामही तिच्याकडेच आलं होतं. पूर्वी ते स्पर्धेचे चिटणीस पाक जुमादी यांच्याबरोबर चाले, आणि जुमादींची बेरीज दर वेळी वेगळी येत असल्यामुळे दुपार कलेपर्यंत चाले. मग लास्मिनीची भाची वेनिंग शहरातून दर बुधवारी यायला लागली. गावच्या सभागृहात ती बायकांना पायथॉन नावाची कॉम्प्युटरची भाषा फुकट शिकवायची. दुसऱ्या बुधवारनंतर बाकीच्या बायका तळलेल्या केळ्यांपुरत्याच उरल्या, पण लास्मिनी पहिल्या बाकावर घट्ट. वेनिंगने ज्या दिवशी दाखवलं की यादीला ‘सॉर्ट’ एवढं म्हटलं की ती आपोआप क्रमाने उभी राहते, त्या दिवशी लास्मिनीला हे यंत्र आपल्या माहेरचं वाटलं.

“आता दोन याद्या एकमेकींना कशा जोडायच्या ते पुढच्या बुधवारी,” वेनिंग म्हणाली होती.

पण स्पर्धा होती रविवारी, आणि लास्मिनीला दम कुठला.

त्या रविवारी ती मांडवात लॅपटॉप घेऊन मैदानाकडे पाठ करून बसली. नोंद करणाऱ्याने पक्ष्यांकडे बघायचं नाही, असा आमच्याकडचा नियम. तिच्या अबिमन्यूचा पिंजरा शेजारच्या पाक विर्यो यांनी बांबूवर चढवून दिला. सकाळी तिने होल्यांची नावं बांबूंच्या क्रमाने एका यादीत भरून ठेवली होती. घुमणं संपल्यावर जुमादी झेंड्या मोजून बांबूमागून बांबू गुण सांगत गेले, आणि ती एका बोटाने कळ शोधत ते दुसऱ्या यादीत भरत गेली. कोणाला किती, हे बघायला तिला फुरसतच नव्हती. कळा कुठे लपल्यात ते शोधण्यातच जीव मेटाकुटीला आला होता.

दोन्ही याद्या भरल्या, पण त्या अशा विस्कटलेल्या तिला बघवेनात. तिने नावांना ‘सॉर्ट’ म्हटलं. नावं शहाण्या पोरांसारखी उभी राहिली. मग गुणांनाही म्हटलं, फक्त उलटं, मोठा आकडा आधी. तेही राहिले. मग दोन्ही याद्या शेजारी शेजारी छापल्या. सगळ्यात वर होतं: अबिमन्यू, चव्वेचाळीस.

तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग कागद जुमादींच्या हातात दिला आणि पदर नसल्यामुळे डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाने डोळे टिपले.

जुमादींनी कागद वाचला, एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मैदानाकडे बघितलं, आणि माईकवर पहिला नंबर जाहीर केला. मैदानात अशी शांतता पसरली की वरचे होलेही गोंधळले असावेत. अबिमन्यूच्या बांबूला एकही झेंडी नव्हती हे सगळ्या गावाने बघितलं होतं. पण चार लोकांत कुणाला खोटं पाडणं म्हणजे आमच्याकडे त्याच्या अंगावर पाणी ओतल्यासारखं. शिवाय ती विधवा, शिवाय कॉम्प्युटर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्य पंचांनी चहाचा ग्लास तोंडापुढे धरला तो खाली घेतलाच नाही.

लास्मिनी कप छातीशी धरून पाक विर्यो यांच्याकडे धावली. “खरं सांगा, घुमला तो?”

विर्यो स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले, “घुमला की, बू.”

“कसा घुमला?”

“म्हणजे... खालच्या पट्टीत.”

“आतल्या आत घुमला,” जुमादी मदतीला धावले. “असा आवाज सगळ्यांच्या कानाला नाही झेपत.”

“आणि मी पाठ करून बसलेले,” ती म्हणाली, आणि हसली. अगदी तोंडभर. मग तिने येईल त्याला विचारायचा सपाटाच लावला, आणि येईल तो ऐकल्याचं सांगू लागला. जेवणाचे डबे येईपर्यंत गोष्ट इतकी वाढली की अबिमन्यू दोनदा घुमला होता, आणि दुसऱ्यांदा तर तुगीमानच्या घराकडे तोंड करून.

जेवणं उरकत आली तसे रिवाजाप्रमाणे जुमादी पूर्ण निकाल वाचायला उभे राहिले. “अबिमन्यू. अंतरेजा. बालादेवा. बीमासेना. चाकिल. दुर्ना...”

लास्मिनीचा घास हातातच राहिला. हा ताल तिच्या ओळखीचा होता. साऱ्या नोकरीभर रोज सकाळी तिने हाच ऐकला होता. आधी सगळे ‘ए’वाले, मग ‘बी’वाले, मग ‘सी’वाला चाकिल, मग ‘डी’चा दुर्ना. जुमादी शेवटाला पोचले: “विसांगेनी, मालक पाक विर्यो, शून्य.”

विर्यो मान डोलावून म्हणाले, “नाही जमलं त्याला आज.”

लास्मिनी डबा ठेवून उठली. “पाक जुमादी, थांबा. हा निकाल नाही. ही हजेरी आहे.”

“असू दे ना, बू,” जुमादी हळूच म्हणाले. “लोकांचं जेवण झालंय.”

तिने वेनिंगला फोन लावला आणि काय काय केलं ते सांगितलं. पलीकडे वेनिंगने कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून ऐकू आला.

“मावशी, तू पिंजऱ्यांतून पक्षी बाहेर काढलेस. पिंजरे एका रांगेत लावलेस, पक्षी दुसऱ्या रांगेत, आणि मग समोर येईल तो पक्षी समोर येईल त्या पिंजऱ्यात कोंबलास.”

“मग आता?”

“आधी जोड्या बांध, मग रांग लाव. ‘झिप’ म्हणून आहे बघ, जॅकेटच्या चेनसारखं. इकडचा एक दात, तिकडचा एक दात. जोडीत गुण पुढे ठेव, नाव मागे. रांग लावताना पायथॉन आधी पुढचंच बघतो.”

“विस्कटलेल्या याद्या आता कुठून आणू?”

“वर टंकलेल्या तशाच आहेत. मधल्या त्या दोन ओळी पूस आणि पुन्हा चालव.”

लास्मिनी परत लॅपटॉपपुढे बसली. मैदानात कुणी चुळबूळही केली नाही. ती हे करते आहे कशासाठी, हेच कुणाला कळत नव्हतं. कप तिच्या शेजारीच होता, सगळ्यांनी तो मान्य केला होता, आणि तिने लॅपटॉप मिटून घरी नेला असता तरी जन्मात कुणी चकार शब्द काढला नसता. तिलाही ते समजत होतं. शेवटची कळ दाबायच्या आधी तिचं बोट बराच वेळ वरच राहिलं. दाबली, तर अबिमन्यू घुमलाच नाही.

तिने दाबली.

मग माईक स्वतः घेतला. “पहिला, विसांगेनी. मालक पाक विर्यो. चव्वेचाळीस.” ती सगळी यादी वाचत गेली, आवाज न चढवता, न उतरवता. शून्यवाले चौघे होते, आणि यादी उलटी लावलेली असल्यामुळे त्या चौघांतही तिचा तळाला गेला होता. “शेवटचा, अबिमन्यू. मालकीण मी. शून्य.” तिने मांडवभर नजर फिरवली. “आणि दोनदा घुमल्याचं ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांनी कान तपासून घ्यावेत.”

आधी मुख्य पंचांना चहाचा ठसका लागला. मग सगळं मैदान हसलं, सकाळपासून कोंडलेलं एकदम सुटल्यासारखं. जुमादी तर खुर्चीला धरून हसले.

लास्मिनीने कप विर्यो यांच्या हातात ठेवला. “तुमचा होला सगळ्या गावाने ऐकला. आणि तुम्ही गप्प? माझ्या तोंडावर खालची पट्टी सांगत होता?”

“बोलणारच होतो, बू,” विर्यो म्हणाले. “तेवढ्यात तुम्ही हसलात. पाक तुगीमान गेल्यापासून तुम्हाला हसताना बघितलं नव्हतं. कप काय, पुढच्या महिन्यातही मिळाला असता.”

तिने अबिमन्यूचा पिंजरा दोरीने खाली उतरवला आणि जाळीतून आत बघितलं. तो दाणे टिपत होता.

“पुढच्या महिन्यात ह्याला नाही आणणार,” ती म्हणाली. “ह्याला नसेल घुमायचं तर घरी बसू दे निवांत. किती दिवस मागे लागायचं.”

“आणि तुम्ही?” विर्यो यांनी विचारलं.

“मी येणार. निकाल काय जुमादी लावणार?” तिने पिंजऱ्यावर कापड टाकलं. “इतके दिवस ह्याच्यासाठी येत होते. आता माझी मी येईन.”