आक्का, पाट आणि मोहरीएवढं फूल

पन्नाशी ओलांडलेला, नव्वद किलो वजनाचा, पाइप-नळांचं दुकान चालवणारा माणूस दर रविवारी खोटं बोलून घराबाहेर पडतो म्हटल्यावर लोकांच्या मनात काय काय येईल! येऊ दे. खरं सांगतो, मी मलकापूरच्या पुढं एका सड्यावर पोटावर पडून फुलांचे फोटो काढायला जायचो.

सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सपाट कातळ. उन्हाळ्यात त्याचा तवा होतो. श्रावण-भाद्रपदात मात्र त्याच कातळावरच्या बोटभर मातीत इतकी बारीक फुलं येतात, की उभ्या माणसाला नुसता रंग सांडल्यासारखा दिसतो. वाकलं की ठिपके दिसतात. पालथं पडून क्लोज-अपची लेन्स लावली, की मग दरबार भरतो. कुणाला झालर, कुणाला तुरा, कुणाला चक्क मिशा! मोहरीएवढ्या फुलाच्या तोंडावर माझ्यापेक्षा जास्त हावभाव असतात, आणि मी काही त्यात कमी नाही.

अडचण एकच. आम्ही जैन, आणि आमच्या आक्काचा, म्हणजे माझ्या आईचा, चातुर्मासात नेम असतो की हिरव्यावर पाय द्यायचा नाही. त्यात जीव असतो. ती अंगणातसुद्धा चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकते. मुंगी आडवी आली तर थांबून तिला आधी जाऊ देते. आणि फुलं येतात ती नेमकी याच चार महिन्यांत. म्हणून मी घरी सांगायचो, "हातकणंगल्याला एका गिऱ्हाईकाकडं जाऊन येतो."

एका रविवारी माझा धुवायला टाकलेला शर्ट आक्कानं उचलला. मोतीबिंदू काढल्यापासून तिच्या नजरेतून काही सुटत नाही. शर्टाच्या पोटावर हा एवढा हिरवा डाग, आणि खिशाला कुसळं चिकटलेली.

"हे काय रं?"

"गिऱ्हाईकाच्या बागेत जरा घसरलो."

"पोटावर?"

आतून बायकोचा आवाज आला, "आक्का, गेल्या रविवारीबी पोटावरच घसरले हुते. त्याच्या आदल्या रविवारीबी."

मी सगळं कबूल केलं. आक्का म्हणाली, "एका फुलाचं तोंड बघायला शंभर फुलांवर लोळतोस? नेम घे. चार म्हैने क्यामेरा कपाटात."

आमच्या घरात घेतलेला नेम कुणी मोडत नाही. चार महिने कॅमेरा कपाटात म्हणजे वर्षभर कपाटातच. बाकीचे आठ महिने मी काय नळांचे फोटो काढू? शिवाय तीन वर्षं मी एक फूल शोधत होतो. पांढरं, मोहरीएवढं, घशात पिवळा ठिपका. माझ्यासारख्याच एका फुलवेड्यानं त्याचा फोटो दाखवून सांगितलं होतं, याच सड्यावर आहे. मला ते काही दिसलं नव्हतं.

मी भर स्वयंपाकघरात गुडघे टेकले, हात जोडले आणि आवाजात कंप आणला. "आक्का, एकदा येऊन बघ. मग तू म्हणशील तो नेम."

"उठा," बायको म्हणाली, "फरशी आत्ता पुसलीय."

पुढच्या रविवारी आक्का निघाली. उकळलेल्या पाण्याची बाटली, डबा, आणि जेवायचा लाकडी पाट. गवतावर ती बसणार नव्हती ना!

सड्यावर पोचल्यावर मी रुबाबात पुढं झालो. चार पावलं टाकली असतील नसतील, मागून हाक आली, "थांब! डावा पाय तितंच ठेव. उजवा उचल."

उचलला. नव्वद किलो एका पायावर. हात पसरून मी तोल सांभाळतोय, तेवढ्यात म्हशी चारणारा एक गडी जवळ आला.

"मावशी, पावण्यास्नी शिक्षा केलीया काय?"

"व्हय. खोटं बोललाय."

"मग ऱ्हाऊ द्या असंच," म्हणून तो म्हशींमागं निघून गेला.

"आता खाली बघ," आक्का म्हणाली. "टाच हुती तितं."

बघितलं. तीन फुलं. पांढरी, मोहरीएवढी, घशात पिवळा ठिपका. दोन उभी, एक माझ्या बुटानं चिरडलेलं. दर वेळी मी याच उंचवट्यावर उभा राहून लांबवर नजर फिरवत होतो! आनंदानं ओरडावं की लाजेनं गप्प बसावं कळेना, म्हणून मी एका पायावर तसाच उभा राहिलो.

पुढचा ताबा आक्कानं घेतला. उघडा कातळ निवडला, फुंकर मारली, पदरानं हलकेच झाडला, दोन मुंग्यांना पानावर घेऊन बाजूला सोडलं, आणि तिथं पाट मांडला. "ह्यावर पड. पोट भाईर आलं तर कातळावरच यायला पायजे."

पोट बाहेर आलंच. कातळावरच आलं. वारा पडेपर्यंत श्वास धरला आणि बटण दाबलं. मग फोटो मोठा करून तिच्यापुढं धरला.

"अगं बाई, ह्याला ओठ हाय की!" ती स्क्रीनजवळ सरकली. "आणि आत कोण बसलंय?"

फुलाच्या घशात धुळीच्या कणाएवढा एक किडा होता. मला फोटो काढतानाही दिसला नव्हता.

"आपण बघितल्यालं त्याला कळलं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग बरं."

परतताना मलकापूर मागं पडलं, तरी ती नेमाबद्दल अवाक्षर काढेना. शेवटी मीच विचारलं.

"नेम घ्यायचा म्हंजे घ्यायचा," ती म्हणाली. "पाट टाकल्याबिगर आडवं व्हायचं न्हाय, आणि मी पुढं चालल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाय. क्यामेऱ्याचं तुझं तू बघ." वर पुस्ती जोडली, "आणि त्या चिरडलेल्या फुलापायी उद्या तुझं गोड बंद."

आता दर रविवारी सकाळी मी चहाचा शेवटचा घोट घेत असतो, तेव्हा आक्का मांडीवर पाट घेऊन गाडीत बसलेली असते. मला जरा उशीर झाला की हॉर्न वाजवते.

"जावा," बायको म्हणते, "हातकणंगल्याचं गिऱ्हाईक बोलावतंय."