सरांच्या आतड्याला मार्क किती?

आम्ही चार सिस्टर चहाला बसलो की एकीच्या तोंडून सरांचा किस्सा निघतो, आणि तो संपायच्या आत दुसरीला दोन आठवतात. सध्या तर ऊतच आलाय! कारण आमचे सर, एंडोस्कोपीतले मोठे डॉक्टर, स्वतःच ॲडमिट आहेत. आयुष्यभर ज्या अल्सरेटिव्ह कोलायटिसशी, म्हणजे मोठ्या आतड्याला जखमा करणाऱ्या आजाराशी भांडले, तोच त्यांना झालाय. औषध लागू पडलं तर ठीक, नाहीतर मोठं आतडं काढावं लागणार. कालपासून रक्त पडायचं जरा कमी झालंय, म्हणून हसायचा धीर होतोय.

*

इथल्याच चोपडे गावची एक मासेवाली. म्हणाली, "डॉक्टर, माका आता बरा आसा, गोळ्यो बंद करतंय."

सरांनी कॅमेरा घालून बघितलं, तर आत अजून लालेलाल! "तुमी म्हणतात बरा आसा, कॅमेरो म्हणता नाय. मी कॅमेऱ्याचा ऐकतलंय."

"मगे गोळ्यो त्येकाच दिया!"

सर पोट धरधरून हसले. मग तिच्या शेजारी बसून असं काही समजावलं की बाई आजतागायत गोळी चुकवत नाही.

*

सरांचा एक नियम. आतल्या जखमा, रक्त बघून आठपैकी मार्क द्यायचे, जितके जास्त तितकं दुखणं वाईट. मग तेच चित्र दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवायचं, पण पेशंटचं नाव न सांगता! स्क्रीनवरच्या नावावर चिकटपट्टी लावायचं काम माझं.

एकदा कुणा बड्या माणसाचा मेव्हणा आला. फोनवर फोन! ज्युनियर घाबरून म्हणाला, "सर, कोणाचं आहे ते तरी सांगा."

"आतड्याला आडनाव नसतं!"

*

सुर्ल्याचा एकजण, खाणीवरचा ट्रक चालवणारा. त्याला पडले सात. "आठातले सात? शाळेत कधी पडले नाय!"

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, हय नापास जावचा."

सात म्हणजे नुसत्या स्टिरॉइडवर बहुतेक भागत नाही. सरांनी पहिल्याच दिवशी पुढच्या औषधाची तयारी करून ठेवली, म्हणून आतडं वाचलं. नंतरच्या तपासणीत शून्य आलं, तर गडी पेढे घेऊन दारातूनच ओरडला, "सर, नापास झालो!" आम्ही सगळ्या रडलो, खोटं कशाला बोलू?

*

आणि हा गेल्या आठवड्यातला. टेबलावर सर, कुशीवर, तोंड स्क्रीनकडे. भूल नको म्हणाले. स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची नळी, डॉक्टर स्वेताच्या हातात. ती पेडण्याची, सरांच्याच हाताखाली शिकलेली. स्क्रीनवर खोल खोल जखमा.

"किती?" सरांनी विचारलं.

"पाच, सर."

"स्वेता, पेशंट दुसरो कोण आसतो तर?"

तिला रडूच फुटलं. "सात."

"मग?"

"नुसत्या स्टिरॉइडवर थांबायचं नाही, सर. पुढच्या औषधाची तयारी आजच."

"शाब्बास! आता काढ गो बाय तो स्कोप, दुखता!"